जर्मनीत नव्याने येणाऱ्यांसाठी: नियमाआधी त्याचं कारण शिका

जर्मनीत स्थिरावलेली मराठी कुटुंबं नवागतांना आधी नियम सांगतात. नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवा, त्यासाठी घरमालकाकडून लेखी दाखला घ्या. कागद, काच, वेष्टनं, ओला कचरा वेगळा ठेवा. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज नको. रविवारी ड्रिल मशीन तर नाहीच. यादी उपयोगी आहे, पण नुसती पाठ केली तर ती जाचकच वाटते. म्हणून प्रत्येक नियमाचं कारण शोधावं. रविवारचंच पाहा. त्या दिवसाच्या विश्रांतीला 1919च्या वायमार राज्यघटनेने संरक्षण दिलं आणि 1949च्या राज्यघटनेने ते कलम कायम ठेवलं. दुकानं बंद असतात ती विक्रेत्यालाही घरच्यांसोबत दिवस मिळावा म्हणून. हे उमगलं की शनिवारी किराणा भरून ठेवण्याचा त्रास वाटत नाही. शेजारी चूक तोंडावर सांगतात, तेव्हाही बहुधा अपमानाचा हेतू नसतो. मनात अढी ठेवण्यापेक्षा स्पष्ट बोलणं इथे बरं मानतात.

काहीजण म्हणतील, ऑफिसात इंग्रजी चालते, मग जर्मन कशाला? पण शाळेतली पालकसभा, डॉक्टरांचा दवाखाना आणि सरकारी पत्रं बहुतेक जर्मनमध्येच असतात. कायदाही भाषेला किंमत देतो: ब्लू कार्ड या नोकरीसाठीच्या वास्तव्य परवान्याच्या धारकाला इतर अटी पूर्ण केल्यावर ए1 पातळीच्या जर्मनवर 27 महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो, बी1 असेल तर 21 महिन्यांनी. दुसरी शंका अधिक खोल आहे: इतकं जुळवून घेताना आपलं मराठीपण उरेल का? आमच्या मते ते अशानेच टिकतं. इथे गायनापासून फुटबॉलपर्यंत सारं संस्थांमधून चालतं आणि संस्था नोंदवायला किमान सात सभासद पुरतात. अनेक मराठी मंडळंही अशीच नोंदलेली आहेत. सभागृहाचं आरक्षण, ढोल वाजवण्याची परवानगी, वेळेत आवरणं, हे सगळं इथल्या रीतीने केलं म्हणूनच गणेशोत्सव उघडपणे आणि मानाने साजरा होतो. तेव्हा मराठी मंडळात जरूर या, पण पहिल्याच वर्षी एखाद्या स्थानिक संस्थेचेही सभासद व्हा. शेजाऱ्यांच्या कामाला हातभार लावलात, तर त्यांना आपल्या आरतीला बोलावताना संकोच वाटणार नाही.