उतारशाळेकडे परत येणारा शोमरोनी

शास्त्रभाग : लूक १०:३०-३५, प्रेषितांची कृत्ये ६:१-६

चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाच्या जखमा बांधल्या, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. गोष्टीचा पुढचा भाग मात्र आपण घाईने वाचतो. दुसऱ्या दिवशी त्याला निघणे भाग होते. तेव्हा त्याने उतारशाळेच्या रक्षकाला दोन नाणी, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, आगाऊ दिली, रोग्याला त्याच्या स्वाधीन केले आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना देण्याचे वचन दिले. म्हणजे त्याने शुश्रूषेसाठी माणूस नेमला, पण स्वतःची जबाबदारी झटकली नाही. मरणपंथास लागलेल्या रोग्यासाठी माणूस नेमताना आपण हेच शिकावयाचे आहे.

१. गरज

१९४८ साली गायक कुमार गंधर्व क्षयाने आजारी असता देवासला राहावयास आले. त्यांच्या पत्नी भानुमतीबाई यांनी त्यांची शुश्रूषा केली आणि काही वर्षांनी ते पुन्हा गाऊ लागले. आज धार-देवासच्या कित्येक घरांत अशी शुश्रूषा करणारे कोणी उरलेले नाही. मुलगा पुण्याला, मुलगी परदेशी आणि घरी दोघे वृद्ध. इंदूरचे डॉक्टर सांगतात, "आता घरी न्या." उपचार संपले तरी वेदना संपत नाहीत. अशा रोग्यांसाठी सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झाले. परंतु बहुतेकांचा अखेरचा काळ घरीच जातो, आणि मग कोणी बाई किंवा सेवक मिळतो का, याची शोधाशोध सुरू होते.

२. निवड

यरुशलेमेत काही विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागले, तेव्हा प्रेषितांनी मंडळीला सात जण निवडावयास सांगितले. त्यांच्याविषयी लोकांचे मत चांगले असावे व ते सुज्ञ असावेत, अशी अट होती. आपणही आधी काम केलेल्या घरी जाऊन चौकशी करावी. पोलीस पडताळणी करून घ्यावी. इंजेक्शन, लघवीची नळी, खोल जखम ही कामे नोंदणीकृत नर्सचीच होत. अंग पुसणे, भरवणे, कूस बदलणे ही कामे शिकवलेली सेविका करू शकते.

"अनुभव किती?" एवढेच विचारून थांबू नये. "रोग्याने रात्री विचारले, मी आता जाणार का, तर तुम्ही काय कराल?" असे विचारावे. "काही होत नाही, झोपा" म्हणून गप्प करणारीपेक्षा जवळ बसून ऐकणारी व सकाळी घरच्यांना कळवणारी बरी. नंतर तीन दिवस पगार देऊन काम पाहावे. कामाचे तास, पगार, जेवण, झोप व सुट्टी आधीच कागदावर लिहावी.

३. पारख

येथे रोगी बरा होणे हे माप लावता येत नाही. मग काय पाहावे? तोंड स्वच्छ व ओठ ओलसर आहेत काय? पाठ, माकडहाड व टाचा लाल झाल्या आहेत काय? साधारण दर दोन तासांनी कूस बदलली जाते काय? औषधांची वेळ वहीत लिहिली आहे काय? मॉर्फिन दिले असेल तर भीतीने गोळी चुकवणे आणि आपल्या मनाने वाढवणे, दोन्ही चूक. शेवटच्या दिवसांत चांगली शुश्रूषा असूनही जखम होऊ शकते. म्हणून दोष देण्याआधी, पहिली लाली दिसताच तिने कळवले होते काय, हे विचारावे.

रोग्याला एकट्याने भेटावे. मागितल्यावर पाणी मिळते काय, अंगाला हात लावण्यापूर्वी सांगतात काय, कपडे बदलताना पडदा ओढतात काय, हे त्याच्याकडूनच कळेल. आणखी एक गोष्ट आम्ही स्पष्ट सांगतो. रोगी दुसऱ्या धर्माचा असेल तर त्याने मागितल्यावाचून त्याला उपदेश करू नये. दुबळ्या माणसाच्या दुबळेपणाचा फायदा घेणे ही सेवा नव्हे. त्याला भजन हवे असेल तर भजन लावावे.

४. मंडळीचे काम

१८९१ साली भारतात आलेल्या कॅनडाच्या डॉ. मार्गारेट ओहारा यांनी धारमध्ये रुग्णसेवा केली. त्या वारशाचा अभिमान धरणे सोपे आहे. परंतु आज त्या खोलीत दोन माणसे मुकी असतात. रोगी अशक्तपणामुळे बोलत नाही आणि सेविका पोटाच्या भीतीने बोलत नाही. बारा तासांचे काम चोवीस तासांचे होते, तरी ती तक्रार करीत नाही. म्हणून मंडळीच्या वडिलांपैकी एकाने व एका भगिनीने दर आठवड्यास अशा घरी जाऊन दोघांचीही विचारपूस करावी. मृत्यूनंतर तिचा पगार त्याच दिवशी चुकता करावा, शिफारसपत्र द्यावे व काही दिवस विसावा घेऊ द्यावा. तिनेही एक माणूस गमावलेले असते.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत अशा किती घरी आजारी माणूस आहे?
२. तेथे काम करणाऱ्या बाईचे नाव आपल्याला ठाऊक आहे काय?
३. या आठवड्यात तेथे कोण जाणार, आणि पुन्हा केव्हा?