आईसाठी निवास निवडताना

प्रश्न : आई ७६ वर्षांची, बार्शीटाकळीला एकटीच राहते. गुडघ्यांमुळे आंघोळही जड जाते. मी पुण्यात असतो. तिच्या गावाजवळ लहानसा निवास शोधताना काय पाहावं?

उत्तर : पुष्कळ वृद्धाश्रम स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांनाच घेतात. आईंना हाताशी माणूस लागतो, हे आधीच स्पष्ट सांगा. शोध अकोल्यापासून सुरू करा. बार्शीटाकळीहून नातेवाईक, शेजारणी तिथवर सहज येतील. स्वागतकक्षाच्या चकचकाटावर जाऊ नका. न्हाणीघर पाहा : भिंतीला धरायला दांडा आहे का, फरशी कोरडी राहते का? रात्री जागं कोण असतं, औषधं कोण देतं आणि त्याची नोंद कुठे होते, हे विचारा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. कूलर सगळ्या खोल्यांत हवा, वीज गेल्यावरची सोयही हवी. जेवणात मऊ भाकर, पातळ वरण मिळतं का, तेही पाहा. निवास पटतो का, हे आईंनाच चार दिवस राहून ठरवू द्या. तुम्ही परस्पर ठरवलंत तर त्या रुळणार नाहीत.

खर्चाची पावती घ्या. घर किंवा शेत संस्थेच्या नावे मुळीच करू नका. माहितीसाठी ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे : १४५६७.