राजा, गोत आणि कायदा

सिंदखेडराजाला गेलो की आपण जिजाऊंचे जन्मस्थान पाहतो आणि त्यांचे वडील लखुजी जाधवराव यांच्या समाधीपाशीही थांबतो. १६२९ साली दौलताबादला, निजामशहाच्या दरबारात, लखुजींना त्यांच्या मुलांसह ठार मारण्यात आले. आरोप नाही, साक्ष नाही, सुनावणी नाही. सुलतानाची मर्जी फिरली, एवढेच.

मग त्या काळी आपल्याकडे न्यायव्यवस्थाच नव्हती काय? होती, आणि खोल रुजलेली होती. वतनाचा किंवा वाटणीचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. तीत पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावचे पाटील आणि परगण्याचे देशमुख-देशपांडे असत. सुलतानांच्या अमलात काझीही असे. निवाडा मान्य करू असे दोन्ही पक्षांकडून आधीच लिहून घेत. त्या कागदाला राजीनामा म्हणत. तेव्हा त्याचा अर्थ राजीखुशीची संमती असा होता, नोकरी सोडण्याचा नव्हे! निवाड्याचा कागद म्हणजे महजर. लिहिता न येणारा त्यावर आपली निशाणी काढी, पाटलाची निशाणी नांगर. हरलेला येजितखत लिहून देई. स्वतःच्या गावावर भरवसा नसेल तर थळ बदलून दुसऱ्या ठिकाणी निवाडा मागता येई. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत न्यायाधीश होता, तरी गावोगावचे तंटे बहुतेक गोतच मिटवत राहिले.

साक्षी-कागद अपुरे पडले की मात्र दिव्य. कढत तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, मग हात पिशवीत घालून मोहोर लावायची आणि पुढे तपासून खरेखोटे ठरवायचे.

हे वाचून आपण नाक मुरडू नये, कारण मध्ययुगीन युरोपातही हेच चाले. तापलेले लोखंड हातात धरायचे, पट्टी बांधायची, तीन दिवसांनी जखम पाहायची. आणि त्या लोखंडाला आशीर्वाद देणारा असे आपलाच धर्मगुरू. १२१५ साली पोप तिसरे इनोसंट यांच्या काळातील चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने धर्मगुरूंना त्यात भाग घ्यायला मनाई केली. धर्मगुरूच नाही म्हटल्यावर दिव्याचा आधारच गेला. इंग्लंडच्या राजाने १२१९ मध्ये न्यायाधीशांना दुसरा मार्ग शोधायला सांगितले, आणि तो तयारच होता. दुसऱ्या हेन्रीने ११६६ पासून जागोजागच्या बारा जणांना शपथेवर बोलावून गुन्हेगारांची नावे विचारायला सुरुवात केली होती. जमिनीच्या ताब्याचे तंटेही असेच शेजाऱ्यांना विचारून सोडवले जात. आमच्या मते गोतसभेची ही सख्खी बहीण. फरक एवढाच, की तिथे राजाचे न्यायाधीश गावोगाव फिरत आणि त्यांच्या निवाड्यांतून साऱ्या देशाचा एक कायदा घडत गेला. इथे महजर जिंकणाऱ्याच्या घरच्या दप्तरात जाई.

पण राजाचे हात लांब झाले की ते कुठवर पोचावेत, हा प्रश्न येतोच. गुन्हा केलेल्या धर्मगुरूला राजाच्या न्यायालयात शिक्षा व्हावी काय, यावरून हेन्री आणि आर्चबिशप थॉमस बेकेट यांचे बिनसले. ११७० साली २९ डिसेंबरला राजाच्या सरदारांनी बेकेटना कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्येच कापले. त्यांना आपण संत मानतो. तरीही धर्मगुरूंना सौम्य शिक्षा मिळे ही राजाची तक्रार अगदीच खोटी नव्हती, असे आम्हाला वाटते.

हेन्रीचा मुलगा जॉन याच्याकडून सरदारांनी १२१५ च्या जूनमध्ये मॅग्ना कार्टा मान्य करून घेतला. स्वतंत्र माणसाला त्याच्या बरोबरीच्यांच्या निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय पकडायचे नाही, हे त्यात आहे. म्हणजे राजाच्या मर्जीलाही कुंपण. गंमत अशी, की जॉनच्या विनंतीवरून ऑगस्टमध्ये तो रद्द ठरवणारे पोपही इनोसंटच. सनद मात्र मेली नाही. १२१६ व १२२५ मध्ये ती पुन्हा दिली गेली.

सिंदखेडची देशमुखी जाधवांकडे होती. परगण्याच्या गोतसभेत मानाने बसणारे हे घराणे. पण सुलतानाला जाब विचारील अशी गोतसभा दौलताबादेत नव्हती.