मोटर आणण्याआधी दाराचं ऐक

बाळ, सेंट्रल लॉक अडलं की तू आधी नवी मोटर आणायला निघशील. हैदराबादच्या गौलीगुड्यात कुणालाही तो मोह होतोच. २०१८ च्या जुलैत ज्याची पत्र्याची कमानदार शेड कोसळली, त्या जुन्या बसस्टँडच्या आसपास गाडीच्या सामानाची दुकानं. हात लांब केला की मोटर मिळते आणि रोग न ओळखताच औषध घेतलं जातं. म्हणून आधी ऐक.

सकाळी दुकानं उघडायच्या आत, गल्ली शांत असताना, एकेका दाराशी उभा राहून कुणाला तरी बटण दाबायला लाव. चारही दारं गप्प असतील तर कुठलंच दार खोलू नकोस. फ्यूज बघ, मग रिले. आतल्या बटणाने लागतं पण रिमोटने नाही, तर रिमोटचा सेल बदल. टक वाजतं पण नॉब हलत नाही, म्हणजे वीज पोचते आहे. रॉडची क्लिप निसटली असेल, नाहीतर मोटरचे दात झिजले असतील. लॉक लागून लगेच उघडत असेल तर ड्रायव्हरचं दार तपास. बाहेरून बसवलेल्या सेंट्रल लॉकमध्ये बाकीच्या दारांना हुकूम देणारा स्विच त्याच मोटरमध्ये असतो. रॉड पुरता खाली गेला नाही की हुकूम उलटा जातो.

एकच दार गप्प असेल तर दाराचा आतला पॅड काढायची घाई नको. दार सताड उघड आणि खांबापासून दारात जाणारी रबरी नळी बघ. दार उघडझाप होताना आतल्या तारा रोज तिथेच वाकतात. वरचं प्लॅस्टिक धड दिसतं, आतलं तांबं तुटलेलं असतं. एकाने बटण दाबत राहायचं, दुसऱ्याने नळी हलवायची. मध्येच मोटर टकटकली की तार तिथेच गेली समज. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळू नकोस, तो जोड पावसाळा काढत नाही. तारेचा वाढीव तुकडा घाल, सोल्डर कर, वर स्लीव्ह चढव, आणि जोड वाकणाऱ्या भागात ठेवू नकोस, दाराच्या आत सरकव.

पॅड काढायचाच झाला तर आधी बॅटरीची मायनस तार सोड. हँडलमागचे आणि आर्मरेस्टमधले स्क्रू काढ, मग खालच्या कडेपासून क्लिपा सोडव. आत चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद फाडू नकोस, ब्लेडने हळूहळू सोडव. चाचणीपुरती बॅटरी जोड आणि मोटरच्या दोन तारांना टेस्ट लॅम्प लाव. लॉक करताना आणि उघडताना दिवा क्षणभर पेटला आणि मोटर हलली नाही, तरच मोटर गेली. तिला थेट १२ व्होल्ट द्यायचे तर क्षणभरच. धरून ठेवलेस तर चांगली मोटरही जळेल.

आता दुकानात जा, जुनी मोटर हातात घेऊन. बाहेरून बसवलेल्यांत ड्रायव्हरच्या दाराला बहुधा पाच तारांची लागते, बाकीच्यांना दोन तारांची. कंपनीतूनच आलेलं लॉक असेल तर बऱ्याच गाड्यांत मोटर लॉकच्या आतच असते, सबंध लॉक बदलावं लागतं.

परत बसवताना तो प्लॅस्टिकचा कागद नीट चिकटव. काचेवरून आत उतरणारं पाणी त्याच्यामुळेच दाराच्या खालच्या भोकांतून बाहेर पडतं. तो सुटा राहिला तर पॅड फुगतो, गाडीत ओल येते. आणि हे सगळं करेपर्यंत एक काच खाली ठेव, किल्ली खिशात.