धार ते देवास : पावसाच्या वाटेवरील एक धडा

गेल्या श्रावणात आम्ही धारला आजोबांकडे गेलो होतो. देवासच्या पुढे, टोंक कलां गावाच्या बाजूस आमच्या आत्याची शेती आहे. तिच्याकडे सत्यनारायणाची पूजा होती. म्हणून आजोबा, आई, बाबा व आम्ही दोघे भावंडे सकाळीच मोटारीने निघालो. पावसाने रात्रीपासून झड धरली होती. धार सोडताना मुंज तलाव काठोकाठ भरलेला दिसला. या तलावाशी परमार राजा मुंज याचे नाव जोडलेले आहे. धार व देवास या दोन्ही संस्थानांत पुढे मराठ्यांच्या पवार घराण्याने राज्य केले. त्यामुळेच या भागात आमच्यासारखी कितीतरी मराठी कुटुंबे स्थायिक झाली.

घाटाबिल्लोदला चंबळ नदी लागली. पुलाखालून गढूळ पाण्याचा लोंढा चालला होता. आजोबा म्हणाले, "ही नदी महूजवळच्या जानापाव डोंगरावर उगम पावते. समुद्र येथून पश्चिमेला जवळ. पण ही मात्र उत्तरेची वाट धरते." आम्हांला नवल वाटले. तेव्हा त्यांनी माळव्याच्या पठाराचा उतार समजावून सांगितला. विंध्याच्या माथ्यावर पडलेला पाऊस तेथेच दुभागतो. दक्षिणेकडे उतरणारे पाणी नर्मदेतून भडोचजवळ अरबी समुद्राला मिळते. उत्तरेकडे वळलेले पाणी चंबळेतून यमुनेत, यमुनेतून गंगेत आणि अखेर बंगालच्या उपसागरात जाते. एकाच ढगातले दोन थेंब दोन समुद्रांना जातात! अशा उंचवट्याच्या रेषेला भूगोलात जलविभाजक म्हणतात.

इंदूर मागे टाकल्यावर क्षिप्रेचा पूल आला. पुढे देवासची टेकडी दिसू लागली. तिच्यावरील चामुंडा व तुळजाभवानी यांची देवस्थाने ढगांत दडली होती. याच टेकडीच्या पायथ्याच्या गावात थोर गायक कुमार गंधर्व 1948 साली राहावयास आले. वर्षाऋतूच्या गीतांचा 'गीतवर्षा' हा त्यांचा कार्यक्रम प्रसिद्ध आहे. "मात्र याच देवासला," आजोबा म्हणाले, "1990 च्या दशकात आगगाडीने पाणी आणावे लागले होते."

बाहेर एवढा पाऊस कोसळत असता हे खरे वाटेना. पण त्याचे उत्तर आम्हांला लवकरच मिळाले.

मोठा रस्ता सोडून आम्ही गावच्या वाटेला लागलो, तो ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावरून पाणी वाहताना दिसले. अशा पुलाला इकडे रपटा म्हणतात. पाणी गुडघाभर असेल. पूजेची वेळ टळत होती. पलीकडून कोणीतरी ओरडले, "या हो, काही होत नाही!" बाबांनी गाडी पुढे घेण्यासाठी सुरू केली. एवढ्यात आजोबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, वाहते पाणी खोलीने मोजू नये, जोराने मोजावे. खालचा कठडा तुटला असेल तर तो तुला दिसणार आहे काय?" बाबांनी गाडी बंद केली. आम्ही दीड तास तेथेच थांबलो.

त्या दीड तासात मी शेजारचे शेत पाहिले. माळव्याची काळी माती भिजली की फुगते. तिच्या भेगा मिटतात व पाणी आत मुरण्याऐवजी वरून वाहू लागते. तिच्याखाली काळा कातळ आहे. त्याच्या फटींत पाणी फारसे साठत नाही. म्हणून चार महिने पूर आणि पुढे टंचाई. त्यातच शेताशेतांत कूपनलिका खोल खोल जात राहिल्या आणि जमिनीच्या पोटातील साठा आटला.

पण त्याच शेताच्या सखल कोपऱ्यात एक तळे होते. ओढ्याकडे धावणारे पाणी चरातून त्यात वळवले होते. पाऊस उणावल्यावर ओढा ओसरला. तळे मात्र भरलेलेच राहिले.

संध्याकाळी आत्याने त्याची हकीगत सांगितली. 2006 साली जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने देवास जिल्ह्यात 'भगीरथ कृषक अभियान' सुरू झाले. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग तळ्यासाठी सोडावा, असा तो विचार होता. "पिकाची जमीन पाण्याखाली घालायची म्हटल्यावर तुझे काका दोन रात्री झोपले नाहीत," आत्या म्हणाली. "पण त्या तळ्यावर रब्बीचा गहू आला, तेव्हा जीव भांड्यात पडला." जिल्ह्यात अशी हजारो तळी झाली.

दुसरीकडे, क्षिप्रेची धार टिकावी म्हणून 2014 पासून नर्मदेचे पाणी मोठमोठ्या पंपांनी चढवून तिच्यात सोडण्याची योजना झाली. विंध्याने दुभागलेले पाणी माणसाने असे एकत्र आणले. पण त्यासाठी वीज सतत खर्ची पडते. अंगणात पडलेला पाऊस अडवण्यास तेवढा खर्च येत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, आता थोडे गणित करा. देवासला वर्षाला सुमारे 1000 मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एक हेक्टर शेतावर 1 कोटी लिटर पाणी! 50 चौरस मीटरच्या छपरावर 50,000 लिटर! तुमच्या घराचे छप्पर मोजा, तुमच्या गावचा पाऊस विचारा आणि गुणाकार करून पाहा. ते पाणी पुढे कोठे जाते, याचाही शोध घ्या.

पूजा आमच्यावाचून खोळंबली होती. ती दिवेलागणीला झाली. प्रसाद देताना आत्या बाबांना म्हणाली, "उशीर झाला म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस, दादा. तू पाण्यात गाडी घातली नाहीस, हेच पुष्कळ झाले."