पावडरीचा डबा की घरचं ताट?

माझ्याकडे चौथीत शिकलेली वसमतची पोरं आता जिमला जातात आणि आठवड्याभरातच विचारतात, "सर, कोणती पावडर घेऊ?" आधी स्नायू कसा वाढतो ते बघू.

सवयीपेक्षा जास्त वजन उचललं की स्नायूवर ताण येतो. शरीर त्याची दुरुस्ती करून त्याला बळकट करतं. हे काम विश्रांतीत होतं. म्हणून आज दंड केले, तर उद्या पाय करा. रात्री आठ तास झोपा. 10 किलो 12 वेळा नीट उचलता आलं, की मगच थोडं वजन वाढवा.

आता प्रथिनं. वजनाचा व्यायाम करणाऱ्याला दर किलोमागे रोज 1.6 ग्रॅम पुरतात. म्हणजे 60 किलोच्या मुलाला 96 ग्रॅम. 100 ग्रॅम फुटाण्यांत सुमारे 20, शेंगदाण्यांत 25, सोयाबीनच्या वड्यांत 50 ग्रॅम. एका अंड्यात 6. व्हे पावडर म्हणजे दुधाच्या निवळीतलंच प्रथिन. ताटातून भागत असेल, तर घरचे पैसे त्यात घालू नका. आणि कुणी सुई-गोळी सुचवली, तर साफ नाही म्हणा.

1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक जिंकणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव तालमीतल्या रोजच्या मेहनतीतूनच घडले. आज रात्री वहीत लिहा: दिवसभरात किती ग्रॅम प्रथिनं पोटात गेली?