सरकारी नोकरीचा अर्ज : शुल्क किती, दाखल्यांना किती, चुकीला किती

तलाठी, ग्रामसेवक, लिपिक किंवा पोलीस शिपाई पदाची जाहिरात आली की घरात पहिली चौकशी होते ती शेवटच्या तारखेची. तितकीच निकडीची चौकशी खर्चाची आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. इतक्या गर्दीत उतरताना कोणता पैसा टाळता येत नाही, कोणता वाचवता येतो आणि कोणता मुळीच देऊ नये, याचा हिशेब आधी मांडलेला बरा. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. या सगळ्यात सर्वांत महाग पडतो तो कागदपत्र पडताळणीत बाद झालेला अर्ज. शुल्क तर बुडतेच, शिवाय पुढची जाहिरात येईपर्यंत वय वाढते आणि राज्य सेवेतल्या बहुतेक पदांची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ व मागास प्रवर्गाला ४३ वर्षे आहे.

परीक्षा शुल्क

सरळसेवा भरती टीसीएस व आयबीपीएस या संस्थांमार्फत होऊ लागल्यापासून शुल्क वाढले. २०२३ च्या तलाठी आणि जिल्हा परिषद भरतीत खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये व मागास प्रवर्गाला ९०० रुपये होते. पोलीस शिपाई भरतीत अलीकडे ४५० व ३५० रुपये आकारले गेले. लोकसेवा आयोगाच्या अलीकडच्या जाहिरातींत गट ब संयुक्त पूर्वपरीक्षेला ३९४ व २९४, तर राज्यसेवा पूर्वपरीक्षेला ५४४ व ३४४ रुपये दिसतात. मुख्य परीक्षेचे शुल्क वेगळे.

वर्षभरात तलाठी, जिल्हा परिषद, पोलीस आणि गट ब असे चार अर्ज भरले, तर या दरांनी खुल्या प्रवर्गातील उमेदवाराचे २,८४४ आणि मागास प्रवर्गातील उमेदवाराचे २,४४४ रुपये जातात. हे शुल्क परत मिळत नाही, म्हणून अर्ज करण्याआधी स्वतःची पात्रता तपासणे हीच खरी बचत.

केंद्राच्या भरत्या याहून पुष्कळ स्वस्त आहेत. कर्मचारी निवड आयोगाचे शुल्क १०० रुपये असून महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना तेही माफ असते. रेल्वे भरती मंडळ ५०० रुपये घेते, पण पहिल्या संगणकीय परीक्षेला बसल्यावर त्यातले ४०० रुपये बँक शुल्क वजा करून परत करते. हाती पैसा कमी असेल तर या परीक्षा आधी भराव्यात.

दाखले

जाहिरात निघाल्यावर दाखल्यांसाठी धावणारा उमेदवार घाईची किंमत मोजतो. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, रहिवास, ईडब्ल्यूएस हे सगळे ‘आपले सरकार’ पोर्टलवर स्वतः मागवता येतात. तिथले शासकीय शुल्क मामुली असते. सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रात गेलात तर दरफलक बघा आणि पावती घ्या. पावतीपेक्षा जास्त पैसे मागितले गेले, तर तो खर्च तुमच्या हिशेबात बसत नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाप्रमाणे प्रत्येक दाखल्याला मुदत ठरलेली आहे. ती उलटली तर अपील करता येते.

मुद्रांकावरही बरेच पैसे उगाच जातात. जात, उत्पन्न, रहिवास, नॉन-क्रिमिलेअर अशा दाखल्यांसाठीचे प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर चालते, ५०० रुपयांचा मुद्रांक लागत नाही, हे महसूल विभागाने २०२५ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. कोणी मुद्रांकाचा आग्रह धरला तर त्याला हे सांगा.

संगणक अर्हतेसाठी बहुतेक जण एमएस-सीआयटी करतात. त्याला साधारण पाच हजार रुपये लागतात. लिपिक-टंकलेखक पदाचा विचार असेल, तर टंकलेखनाचा वर्ग आणि शासकीय परीक्षेचे शुल्क हा आणखी एक खर्च धरा.

अर्हतेच्या अटी : इथे घाई नको

जाहिरात पन्नास पानांची असली तरी पूर्ण वाचा. वही घेऊन तीन रकाने आखा : अट, पुरावा, पुराव्यावरची तारीख. लिपिक-टंकलेखक पदाचे उदाहरण घेऊ. अट : पदवी आणि मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट वेगाचे टंकलेखन. पुरावा : पदवी प्रमाणपत्र आणि टंकलेखनाचे प्रमाणपत्र. तिसऱ्या रकान्यात दोन्हींच्या तारखा लिहा आणि अर्जाच्या अंतिम दिनांकाशी ताडून बघा. शेवटच्या सत्राचा निकाल अंतिम दिनांकानंतर लागला असेल, तर परीक्षेत पहिला क्रमांक आला तरी पडताळणीत नाव कटते. हा रकाना रिकामा असेल, तर त्या पदाचे शुल्क भरू नका.

उमेदवार हमखास अडतात अशा आणखी काही जागा :

नॉन-क्रिमिलेअर : दाखल्याची वैधता ३१ मार्चला संपते. जाहिरातीत सांगितलेल्या काळात तो वैध आहे का, हे बघा. खुल्या प्रवर्गातील महिलांना महिला आरक्षणासाठी हा दाखला लागत असे. ती अट २०२३ मध्ये काढली गेली, तेव्हा त्यांनी त्यावर पैसा व वेळ घालवू नये.

समांतर आरक्षण : खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, अनाथ, दिव्यांग यांनी अर्जातच दावा करावा लागतो. नंतर तो मान्य होत नाही. खेळाडूंनी नुसते प्रमाणपत्र जपून भागत नाही, क्रीडा विभागाकडून त्याची पडताळणी अर्जाआधी करून घ्यावी लागते.

लहान कुटुंब : २८ मार्च २००६ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या अपत्यामुळे हयात अपत्ये दोनपेक्षा अधिक होत असतील, तर उमेदवार अपात्र ठरतो.

नाव : दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव आणि आधारवरचे नाव अक्षर न अक्षर जुळायला हवे. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत आधीच काढून ठेवावी.

अर्ज भरताना

नेट कॅफेवाला शंभर-दोनशे रुपयांत अर्ज भरून देतो. भरून घ्या, पण समोर बसून. मोबाईल क्रमांक आणि ई-मेल स्वतःचाच द्या. प्रवेशपत्र, उत्तरतालिका, पडताळणीचे बोलावणे सगळे त्यावरच येते. ‘अंतिम सबमिट’ करण्याआधी प्रवर्ग, जन्मतारीख आणि गुणांची टक्केवारी मोठ्याने वाचून बघा. आयबीपीएसच्या अर्जात फोटो व सहीबरोबर डाव्या अंगठ्याचा ठसा आणि स्वहस्ते लिहिलेले प्रतिज्ञापन लागते. ते दुसऱ्याने लिहिले किंवा सही इंग्रजी मोठ्या अक्षरांत केली, तर अर्ज नाकारला जातो. शुल्काची पावती आणि अर्जाची प्रत छापून ठेवा. २०१९ ची जिल्हा परिषद भरती रखडून पुढे रद्द झाली, तेव्हा शुल्क परत मिळण्यासाठी उमेदवारांना पुन्हा माहिती भरावी लागली. असे काम जुनी पावती हाताशी असली की सोपे होते.

उत्तरतालिकेवर हरकत घ्यायलाही पैसे पडतात. तलाठी परीक्षेत प्रत्येक प्रश्नाला १०० रुपये होते. पाठ्यपुस्तकाचा ठोस पुरावा असेल तरच हरकत घ्या.

तयारी आणि प्रवास

सर्वाधिक पैसा इथे जातो. पुण्यात राहून तयारी करायची तर कॉट बेसिसवरची जागा, मेस आणि अभ्यासिका मिळून महिन्याला काही हजारांचा खड्डा पडतो. वर्ग लावला तर त्याची फी वेगळी. त्याआधी बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय आणि अमृत या शासकीय संस्थांच्या मोफत प्रशिक्षणाची चौकशी करा. तुमच्या प्रवर्गाला लागू असलेली संस्था शोधा. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात आणि सरळसेवेतला मराठी, सामान्य ज्ञान, गणिताचा पाया त्यातच आहे.

परीक्षा केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात आले तर प्रवास, एक मुक्काम आणि जेवण धरून दीड-दोन हजार बाजूला ठेवा. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत निम्मे तिकीट आहे.

कोणालाही देऊ नये असा पैसा

‘आपला माणूस आत आहे, काम होईल’ म्हणून लाखांची बोली करणारे दर भरतीत भेटतात. जमीन विकून, दागिने मोडून दिलेला हा पैसा परत येत नाही. २१ जून २०२४ पासून लागू झालेल्या केंद्रीय कायद्यानुसार सार्वजनिक परीक्षांत गैरप्रकार करणाऱ्यांना तीन ते पाच वर्षे कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. अशी मागणी झाली तर तक्रार करा, घरच्यांनाही सांगा.

शासनाकडे एक मागणी आहे. राजस्थानने २०२३ मध्ये एकदाच नोंदणी शुल्क घेण्याची पद्धत आणली. सर्वसाधारण उमेदवाराला ६०० आणि राखीव प्रवर्गाला ४०० रुपये. महाराष्ट्रातही प्रत्येक अर्जाला हजार रुपये घेणे थांबले पाहिजे, कारण ते मजुरी करून अभ्यास करणाऱ्या घरांना परवडत नाही. तोवर उमेदवारांनी एवढे करावे : दाखल्यांची फाईल आजच पुरी करा, वैधतेच्या तारखा त्यावर लिहून ठेवा आणि ज्या पदाची एकही अट अपुरी आहे, त्याचे शुल्क भरू नका.